शेजारच्या संगणकापर्यंत जायला इंटरनेट कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नेहमीची मदत (सुरक्षेच्या दुरुस्त्या वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. जुना संगणक काढून नवा घेणाऱ्यांची वर्दळ त्याच्या आधीपासूनच वाढली होती, ती अजून ओसरलेली नाही. मी बार्शीत संगणक दुरुस्तीचे दुकान चालवते. वकील, आडत दुकानदार, लग्नाचे फोटो काढणारे, निवृत्त शिक्षक, कॉलेजची मुले अशी सगळी माणसे येतात आणि नव्या संगणकाची किंमत विचारण्याआधी एकच विचारतात, ‘जुन्यातले सगळे यात येईल ना?’

येते. पण ते कोणत्या वाटेने येते, याकडे कोणी लक्ष देत नाही, म्हणून हे पत्र.

जुना आणि नवा संगणक एकाच टेबलावर असतात, मध्ये हातभर अंतर असते, तरी लोक जुन्यातला डेटा आधी इंटरनेटवर चढवतात आणि मग तिथून नव्यात उतरवतात. नाहीतर पेन ड्राइव्ह आणतात, भरतात, रिकामा करतात, पुन्हा भरतात. तेही जमले नाही तर दोन्ही संगणक कुठल्यातरी दुकानात ठेवून घरी जातात. या तिन्हींपेक्षा सरळ वाट म्हणजे दोन संगणकांच्या मध्ये थेट लावलेली एक नेटवर्क केबल. दोन मीटरची तयार केबल दीडशे-दोनशे रुपयांना मिळते. राउटर, स्विच (अनेक संगणक एकमेकांना जोडणारी पेटी), इंटरनेट यांपैकी काहीही लागत नाही. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असेल तर वीज गेली तरी काम थांबत नाही, कारण मध्ये बंद पडायला दुसरे काही नसतेच.

फोटोग्राफरचेच उदाहरण घ्या. एका लग्नसराईचे फोटो आणि व्हिडिओ मिळून ४०० जीबी सहज होतात. घरच्या इंटरनेटचा अपलोडचा वेग ४० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ४० मेगाबिट, धरला, तर सेकंदाला फार तर ५ एमबी वर जातात, कारण आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे ४०० जीबी चढवायला बावीस तास, आणि मग तेच सगळे खाली उतरवायचे. हल्लीच्या संगणकांवरचे नेटवर्क पोर्ट बहुतेक गिगाबिटचे, म्हणजे १००० एमबीपीएसचे, असते. त्यातून सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जातात, म्हणजे तोच डेटा तासाभरात पोहोचतो. जुना संगणक १०० एमबीपीएसचा असला तर सेकंदाला ११-१२ एमबी जातात, रात्री लावून ठेवले तर सकाळपर्यंत होते. लहान लहान फायली हजारोंनी असतील तर वेग पडतो, जुनी हार्ड डिस्क मंद असेल तरीही पडतो. पण पेन ड्राइव्हमध्ये प्रत्येक फाइल दोनदा प्रवास करते, एकदा आत आणि एकदा बाहेर, हे लोकांच्या हिशेबात येतच नाही. शिवाय बरेचसे पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि लग्नाचा एकसंध व्हिडिओ तिथेच अडतो.

वेगापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती खासगीपणाची. माझ्याकडे येणाऱ्या संगणकात काय असते ते मी रोज पाहते. पाहते म्हणजे उघडून वाचत नाही, पण फोल्डरची नावे डोळ्यांसमोरून जातातच. जमिनीच्या वाटणीचे कागद, आईचे दवाखान्याचे रिपोर्ट, मुलीच्या स्थळासाठी काढलेले फोटो, वकिलाच्या अशिलांची प्रतिज्ञापत्रे, आधार आणि पॅनच्या स्कॅन केलेल्या प्रती, सोसायटीच्या कर्जाची पत्रे. एका निवृत्त गुरुजींच्या संगणकात त्यांच्या दिवंगत पत्नीच्या आवाजात नातवंडांना सांगितलेल्या गोष्टी होत्या, आणि त्यांना बाकी काही आले नाही तरी चालणार होते. हे सगळे दुकानाच्या हार्ड डिस्कवर ‘तात्पुरते’ उतरवून ठेवायची पद्धत आमच्या धंद्यात सर्रास आहे. त्यात वाईट हेतू असतोच असे नाही. डेटा हरवला म्हणून गिऱ्हाईक परत आले तर हाताशी असावा, ही भावना असते. पण ते तात्पुरते पुसले कधी जाते, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. पुसले तरी साध्या पुसण्याने ते डिस्कवरून लगेच जात नाही, परत काढता येते.

केबल लावून काम केले तर मध्ये तिसरी जागाच राहत नाही. जुन्या संगणकातून निघालेली फाइल थेट नव्यात जाते. म्हणून माझी गिऱ्हाइकांना विनंती आहे की दुकानदाराला सांगा, ‘दोन्ही संगणक माझ्यासमोर केबलने जोडा आणि माझ्यासमोर कॉपी करा.’ मी हे स्वतःच्या धंद्याच्या विरोधात सांगते आहे असे कोणाला वाटेल. तसे नाही. गिऱ्हाईक समोर बसले की मला चहा मागवावा लागतो, एवढाच फरक पडतो, आणि विश्वास टिकतो तो वेगळाच.

आता लोकांना, आणि खेदाने सांगावे लागते की आमच्यातल्या काही तंत्रज्ञांनाही, वाटणारी एक भीती दूर करते. ‘दोन संगणक थेट जोडायला क्रॉस केबल लागते, साधी चालत नाही,’ असे अजूनही सांगितले जाते. एके काळी ते अगदी बरोबर होते. नेटवर्क केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १० आणि १०० एमबीपीएसच्या जोडणीत संगणक पहिल्या आणि दुसऱ्या पिनवरून पाठवतो, तिसऱ्या आणि सहाव्या पिनवर ऐकतो. संगणक स्विचला जोडला तर अडचण नाही, कारण स्विचचे पोर्ट उलट बांधलेले असते. पण संगणकाला संगणक जोडला की दोघेही त्याच तारांवर बोलतात आणि दोघेही त्याच तारांवर कान देऊन बसतात. म्हणून एका टोकाला नारिंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल करायची, म्हणजे एकाचे तोंड दुसऱ्याच्या कानाशी येते. हीच क्रॉस केबल.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी एचपीच्या अभियंत्यांनी ऑटो एमडीआय-एक्स नावाची सोय शोधली. त्यात पोर्ट स्वतःच ओळखते की समोर कोण आहे, आणि गरज पडली तर आतल्या आत तारा बदलून घेते. गिगाबिटच्या पोर्टांमध्ये ही सोय बहुतेक सगळीकडे असते, आणि दोघांपैकी एका संगणकात असली तरी पुरते. त्यामुळे आज घरात राउटरबरोबर आलेली साधी केबलसुद्धा चालते. क्रॉस केबल लागते ती दोन्ही बाजूंना फार जुने १०० एमबीपीएसचे कार्ड असेल तेव्हाच. केबल लावल्यावर पोर्टापाशी हिरवा किंवा पिवळा दिवा लागला की समजायचे, तारेचे काम झाले.

दिवा लागतो, पण फाइल जात नाही, आणि लोक इथेच कंटाळून पेन ड्राइव्हकडे वळतात. अडचण जवळपास दरवेळी तीन ठिकाणांपैकी एका ठिकाणी असते, आणि तिन्हींचा केबलशी काही संबंध नसतो.

पहिली जागा पत्त्याची, म्हणजे जाळ्यात (नेटवर्कमध्ये) संगणक ज्या आकड्यांनी ओळखला जातो त्या आयपी पत्त्याची. एरवी संगणकाला पत्ता राउटर देतो. इथे राउटर नाही, तेव्हा विंडोज थोडा वेळ वाट पाहते आणि मग १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेते. दोन्ही संगणकांनी असा पत्ता घेतला की ते एकमेकांना दिसू शकतात. मिनिट-दोन मिनिटे थांबायची तयारी हवी, एवढेच. मला मात्र हाताने पत्ता देणे बरे वाटते. एकाला १९२.१६८.१०.१, दुसऱ्याला १९२.१६८.१०.२, दोन्हीकडे सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, आणि गेटवेची, म्हणजे बाहेर इंटरनेटकडे जाण्याच्या वाटेची, जागा रिकामी. गेटवे रिकामा ठेवल्याने वायफायवरचे इंटरनेट चालू राहते. घरचा राउटर बऱ्याचदा १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० ची मालिका वापरत असतो, म्हणून मी मुद्दाम १० ची घेते. वायफाय आणि केबल या दोन्ही जाळ्यांना एकच मालिका दिली तर संगणकाला कळत नाही की कोणत्या वाटेने जायचे. काम झाले की केबलच्या कार्डावरचा पत्ता परत ‘आपोआप घ्या’ या पर्यायावर आणून ठेवावा, नाहीतर पुढे कधी तीच केबल राउटरला लावली की नेट का चालत नाही ते कळत नाही.

दुसरी जागा फायरवॉलची, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला अडवणाऱ्या विंडोजमधल्या पहारेकऱ्याची. थेट केबलच्या पलीकडे राउटर नसल्यामुळे विंडोज त्या जाळ्याला अनोळखी समजते आणि सार्वजनिक जाळ्याचे नियम लावते. रेल्वे स्टेशनच्या वायफायवर जे नियम असावेत, तेच इथेही लागतात. फाइल शेअर करणे बंद, पिंगला, म्हणजे ‘आहेस का?’ या दुसऱ्या संगणकाच्या हाकेला, उत्तर देणेही बंद. त्यामुळे पिंग करून उत्तर आले नाही म्हणजे केबल खराब, हा निष्कर्ष चुकीचा आहे. शेअरिंगच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन सार्वजनिक जाळ्यासाठी फाइल शेअरिंग चालू करायचे, कॉपी करायची, आणि संपले की आठवणीने बंद करायचे. फायरवॉलच पूर्ण बंद करून टाकणारे तंत्रज्ञ आहेत. ते करू नये, आणि करू देऊ नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रॅमने जगभरात जो धुमाकूळ घातला, तो विंडोजच्या याच फाइल शेअरिंगच्या एका जुन्या आवृत्तीतल्या भगदाडातून. ती आवृत्ती, एसएमबी १, आता विंडोजमध्ये मुळातून बंद असते. जुना संगणक दिसत नाही म्हणून ती पुन्हा चालू करण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नका. विंडोज ७ च्या संगणकालाही तिची गरज नाही.

तिसरी जागा पासवर्डची, आणि सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. पलीकडचा संगणक नाव आणि पासवर्ड मागतो. लोक रोजचा चार आकडी पिन टाकतात आणि तो नाकारला जातो. पिन त्याच संगणकासमोर बसून उघडण्यासाठी असतो, जाळ्यावरून चालत नाही. तिथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो. ज्यांनी पासवर्ड ठेवलेलाच नाही त्यांचे तर आणखी अवघड, कारण रिकाम्या पासवर्डच्या खात्याला विंडोज जाळ्यावरून आत घेत नाही. उपाय सोपा आहे. जुन्या संगणकावर एक तात्पुरते स्थानिक खाते काढायचे, त्याला पासवर्ड द्यायचा, हवा तो फोल्डर त्या खात्याला फक्त वाचण्यापुरता शेअर करायचा आणि नव्या संगणकावरून ते नाव वापरून शिरायचे. ‘फक्त वाचण्यापुरता’ हे महत्त्वाचे. त्यामुळे जुन्यातले चुकूनही पुसले जात नाही.

कॉपी करताना मोठा डेटा असेल तर माउसने ओढण्यापेक्षा विंडोजमधलीच रोबोकॉपी ही आज्ञा वापरावी. मध्ये केबल निघाली किंवा संगणक झोपला तर तीच आज्ञा पुन्हा द्यायची, झालेल्या फायली सोडून ती पुढे जाते. फक्त तिच्यातला ‘मिरर’ पर्याय अनोळखी हातात धोक्याचा आहे, कारण मूळ ठिकाणी नसलेली प्रत्येक फाइल तो पोहोचण्याच्या ठिकाणाहून काढून टाकतो. शेवटी दोन्हीकडच्या फोल्डरवर उजवी कळ दाबून फायलींची संख्या आणि एकूण बाइट जुळतात का ते गिऱ्हाइकाने स्वतः बघावे. जुळल्यावरही जुनी डिस्क लगेच कोणाला देऊ नये. निदान एकदा तरी नव्या संगणकावर नेहमीची सगळी कामे करून बघावीत.

एक इशारा. दोन्ही टोकांना सारखीच चौकोनी यूएसबी पिन असलेली केबल बाजारात मिळते, आणि ती लावली की दोन संगणक जोडले जातील असे वाटते. जुन्या धाटणीच्या यूएसबी पोर्टात दोन्हीकडून ५ व्होल्टचा पुरवठा येतो, आणि दोन पुरवठे असे एकमेकांवर आदळले तर पोर्ट जळू शकते. अशी जोडणी करू नये. ज्या सडपातळ लॅपटॉपला नेटवर्क पोर्ट नाही, त्यासाठी यूएसबीतून नेटवर्क पोर्ट देणारा ॲडॅप्टर मिळतो, तो घ्यावा.

केबलच्या दर्जाबद्दलही लिहायला हवे, कारण इथे फसवणूक होते. तांब्याऐवजी ॲल्युमिनिअमवर तांब्याचा पातळ मुलामा दिलेल्या तारा स्वस्तात विकल्या जातात. त्या वाकवल्या की लवकर तुटतात. आणि हाताने पंच केलेल्या, म्हणजे टोकांना हाताने कनेक्टर बसवलेल्या, केबलमध्ये एक दोष असा असतो की तो दिव्यांच्या साध्या टेस्टरलाही सापडत नाही. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम सारखा असला की टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात आणि केबल पास ठरते. पण रंग नुसते सारखे असून भागत नाही, कोणती जोडी कोणत्या पिनांवर आहे याला अर्थ असतो. तिसरी आणि सहावी पिन एकाच जोडीची असावी लागते. पंच करणाऱ्याने सोय म्हणून रंग सरळ ओळीने लावले, म्हणजे पहिली-दुसरी, तिसरी-चौथी, पाचवी-सहावी, तर तिसरी आणि सहावी वेगवेगळ्या जोड्यांमध्ये जातात. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये पीळ दिलेल्या तारांच्या जोडीचे पेटंट घेतले, ते यासाठीच की दोन तारा एकमेकींना पीळ घालून गेल्या की बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो आणि वजा होतो. जोडी फुटली की हा फायदा जातो. अशी केबल हातभर असेल तर चालून जाते, वीस-पंचवीस मीटरची असली की वेग रांगायला लागतो, आणि दोष संगणकाला दिला जातो. गिगाबिटला तर चारही जोड्या शाबूत लागतात. निळी किंवा तपकिरी तार तुटली की बरीचशी कार्डे गुपचूप १०० वर उतरतात.

दोन संगणकांची केबल फक्त डेटा हलवण्यापुरती आहे असेही नाही. आमच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानात मुनीमजींचा संगणक पुढे आणि मालकांचा आत आहे. दोघांच्या मध्ये एकच केबल भिंतीवरून गेली आहे. तुरीचा हंगाम चालू असताना मुनीमजी शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब) करतात, ती मालकांना आत दिसते, आणि प्रिंटर एकच असून दोघांचा चालतो. या कामाला त्यांना इंटरनेट लागत नाही. बाहेर खोदकामात फायबर तुटली तरी शेतकऱ्याला पट्टीसाठी खोळंबावे लागत नाही. अशी केबल १०० मीटरपर्यंत नियमाने चालते, म्हणजे बहुतेक दुकाने, दवाखाने, शाळा त्यात बसतात.

माझे खरे मागणे शाळांकडे आणि संगणक वर्गांकडे आहे. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मुलांना जाळे म्हणजे इंटरनेट एवढेच माहीत असते. वायफायचे चिन्ह गेले की जाळे संपले, असे ते मानतात. आयटीआयच्या कोपा (संगणक चालक आणि प्रोग्रॅमिंग सहायक) अभ्यासक्रमातून आलेल्या मुलांनी क्रिम्पिंग टूल (कनेक्टर बसवायची पक्कड) हातात धरलेले असते, हे चांगले आहे. पण दहावी-बारावीच्या आणि इतर संगणक वर्गांच्या मुलांना जाळ्याचा धडा आकृत्यांतूनच मिळतो. चांदणी (स्टार), वर्तुळ, जाळी अशा आकृत्या पाठ होतात, परीक्षेत काढल्या जातात. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेट उभे केले, तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न एकाच इमारतीतले संगणक एकमेकांशी कसे बोलतील हाच होता. मुलांनीही तिथूनच सुरुवात केली पाहिजे. ज्या मुलीने स्वतःच्या हाताने केबल पंच केली, दोन्हीकडे पत्ते दिले आणि शेजारच्या संगणकातला फोटो स्वतःच्या पडद्यावर आणला, तिला पुढे राउटर म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. ‘आता तिसरा संगणक जोडायचा असेल तर?’ असे ती स्वतःच विचारते, आणि स्विचचा धडा तिथे सुरू होतो.

यासाठी नवे अनुदान लागणार नाही. चालू स्थितीतले दोन संगणक, मग ते कितीही जुने असोत, पाच-सहा मीटर केबल, मूठभर कनेक्टर आणि एक क्रिम्पिंग टूल पुरते. ज्या शाळांत इंटरनेट नाही म्हणून संगणक कक्षाला कुलूप आहे, तिथे तर हा तास उद्याही घेता येईल. बार्शी परिसरातल्या कोणत्याही शाळेने बोलावले तर मी माझे सामान घेऊन येईन, मोबदला घेणार नाही.

आपल्या पुरवणीत मोबाइलच्या नव्या मॉडेलना पान मिळते. त्यातला एक कोपरा अशा कामाच्या माहितीला मिळावा, अशी विनंती करते. तूर्त या पत्रासोबत रंगांचा क्रम देते, तो तेवढा छापावा. कनेक्टरची खिट्टी मागच्या बाजूला आणि सोनेरी पट्ट्या आपल्याकडे दिसतील असा, तारा आत शिरतात ते टोक खाली येईल असा धरला, तर डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम ठेवला की साधी केबल झाली. फार जुन्या दोन संगणकांसाठी क्रॉस हवी असेल तर एका टोकाला पहिल्या आणि तिसऱ्या, तसेच दुसऱ्या आणि सहाव्या तारेची अदलाबदल करावी.

आपली,
संगणक दुरुस्ती करणारी एक वाचक,
बार्शी, जि. सोलापूर